०.६ आणि ०.७ च्या मध्ये जागा किती? दशांशांचा एक खेळ घडवताना

सहावीच्या वर्गात दशांश अपूर्णांक शिकवून झाले होते. बेरीज-वजाबाकी जमत होती, चाचणीतले गुणही बरे होते. एका तासाला मी फळ्यावर ०.४५ आणि ०.७ अशा दोन संख्या लिहिल्या आणि मोठी कोणती ते विचारलं. ०.४५ साठी भराभर हात वर झाले. कारण विचारल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने एका दमात सांगितलं, "बाई, पंचेचाळीस सातापेक्षा मोठे ना!" तिला जराही शंका नव्हती.

मग मी ०.६ आणि ०.७ यांच्या मधली एखादी संख्या सांगा म्हटलं. वर्ग गप्प. थोड्या वेळाने मागून उत्तर आलं, "सहानंतर सातच येतात."

दोन्ही उत्तरांचं मूळ एकच. दशांश चिन्हाच्या उजवीकडचे अंक मुलं वेगळी पूर्ण संख्या म्हणून वाचतात, आणि आपण त्यांना वाचायला शिकवतोही तसंच: "पॉइंट पंचेचाळीस". "चार दशांश पाच शतांश" असं म्हणायला वेळ लागतो, म्हणून ते हळूहळू सुटतं. माझ्याकडूनही सुटलं होतं. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी दशांशांच्या तुलनेतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास केला आहे. या चुका अंदाधुंद नसतात, त्यांच्यामागे मुलांचा पक्का नियम असतो, हे त्यातून दिसतं. काही मुलं मानतात की अंक जितके जास्त तितकी संख्या मोठी. काहींचं बरोबर उलट असतं: शतांश हा दशांशापेक्षा लहान, म्हणून शतांशापर्यंत जाणारी कोणतीही संख्या लहानच. असं मूल ०.३ ला ०.४५ पेक्षा मोठं ठरवतं. पण ०.७ आणि ०.४५ विचारलं तर तेच मूल बिनचूक उत्तर देतं आणि आपण समाधानाने पुढे जातो.

मनात रुजलेला असा नियम दुसरा नियम सांगून निघत नाही. "शेवटी शून्य लावून अंक सारखे करा आणि मग तुलना करा" ही युक्ती मी शिकवली होती, मुलं ती वापरतही होती. पण ०.४५ आणि ०.७० करून पुन्हा पंचेचाळीस आणि सत्तर यांचीच तुलना होत होती. संख्या कुठे बसते याचं चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. ते चित्र सारखं हाताळायला लागेल असं काहीतरी हवं होतं, म्हणून मी खेळ करायला घेतला.

पहिला आराखडा: शर्यत

पहिल्या प्रयत्नाबद्दल सविस्तर सांगते, कारण बहुतेक गणिती खेळ असेच बनतात. साठ घरांचा पट, चार भिडू, प्रश्नकार्डांचा गठ्ठा. पाळी आली की कार्ड उचलायचं, दोन संख्यांपैकी मोठी सांगायची. उत्तर बरोबर आलं तर फासा टाकून तेवढी घरं पुढे, चुकलं तर जागेवरच. काही घरांवर "दोन घरं मागे", काहींवर "पुन्हा पाळी". जिंकणाऱ्याला चांदणीचा स्टिकर.

वर्ग आनंदाने नाचला. तास संपल्यावरही कुणी उठायला तयार नव्हतं. मी दोन आठवडे तो खेळ घेतला आणि मग तोच जुना प्रश्न थोड्या बदललेल्या आकड्यांनी फळ्यावर लिहिला. हात पूर्वीइतकेच, पूर्वीच्याच बाजूने वर गेले.

त्या संध्याकाळी मी कार्डांचा गठ्ठा घेऊन बसले. आधी एकच गोष्ट तपासली: "अंक जास्त ती संख्या मोठी" हा चुकीचा नियम घट्ट धरून बसलेल्या मुलाला यातली किती कार्डं बरोबर येतील? ०.८५ आणि ०.३ असेल तर येतं. ०.४६ आणि ०.३८ असेल तरी येतं, कारण अंक सारखेच असले की तो नियम कधीच चुकत नाही. सगळी कार्डं पालथी घालून पाहिली. निम्म्याहून जास्त कार्डांवर चुकीचा नियम बरोबर उत्तर देत होता. राहिलेल्या कार्डांवर पर्याय दोनच, म्हणजे डोळे मिटून ठोकून दिलं तरी निम्मी बरोबर. माझा खेळ मुलांच्या गैरसमजाला दोन आठवडे शाबासकी देत होता.

दुसरी गोष्ट वर्गातच दिसत होती, पण मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पुढच्या तासाला एका गटाजवळ घड्याळ घेऊन बसले. कार्ड वाचणं, उत्तर, फासा, घरं मोजणं, थोडा वाद असं सगळं धरून एका पाळीला अर्धा-पाऊण मिनिट जात होतं. चार भिडूंत दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच प्रश्न आले. त्या प्रत्येकावर विचार करायचा वेळ दोन-तीन सेकंद. उरलेला सगळा वेळ फासा कसा पडतो याची वाट पाहण्यात. ती उत्सुकता खरी होती, पण ती फाशाची होती. गणित हा रस्त्यातला जकात नाका होता. जकात भरली की पुढे सोडत होते.

जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी हाच फरक मुलांवर तपासून २०११ मध्ये मांडला. भागाकाराचा एक संगणकीय खेळ, ज्यात अंगावर संख्या लिहिलेले सांगाडे चाल करून येतात. एका रूपात त्या संख्येला निःशेष भाग देणारं शस्त्र निवडलं तरच सांगाडा पडतो. दुसऱ्या रूपात लढाई गणिताविना आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गणिताची प्रश्नमंजूषा. पहिल्या रूपाने मुलं जास्त शिकली. आणि दोन्हींपैकी हवं ते खेळायची मोकळीक दिल्यावर त्यांनी पहिल्या रूपाला सातपटीहून अधिक वेळ दिला. गणित लढाईच्या आत घातल्याने खेळाची गोडी कमी होत नाही, वाढते.

स्टिकरही तेव्हाच बंद केले. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा बालवाडीतला प्रयोग शिक्षकांनी जरूर लक्षात ठेवावा असा आहे. ज्या मुलांना चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असं आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. चित्रं काढायला त्यांना मुळातच आवडत होतं, तरीही.

मीटरभर कागद

नव्याने सुरुवात करताना मी प्रश्नकार्डं, फासा, घरं सगळं बाजूला ठेवलं आणि स्वतःला एकच विचारलं: दशांश अपूर्णांकांच्या बाबतीत अशी कोणती कृती आहे, जी स्वतःच खेळी होऊ शकेल? तुलना करणं हे उत्तर देणं झालं. पण संख्या तिच्या जागी *ठेवणं* ही खेळी आहे, आणि दोन संख्यांच्या *मध्ये घुसणं* ही तर चुरशीची खेळी आहे.

पटाचा आकारही शिकवतो, हे मला रॉबर्ट सिग्लर आणि गीता रामानी यांच्या कामावरून पटलं होतं. २००८ च्या त्यांच्या अभ्यासात बालवाडीतली मुलं १ ते १० अंकांच्या सरळ रांगेतल्या पटावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळली आणि संख्यारेषेवर संख्यांची जागा ओळखण्यात त्यांची स्पष्ट प्रगती झाली. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळणाऱ्यांची झाली नाही. पुढे त्यांनी गोलाकार पटही वापरून पाहिला, त्याचा तसा फायदा झाला नाही. माझा नागमोडी, वळणावळणाचा साठ घरांचा पट शोभेचा होता, इतकंच.

म्हणून आता बरोबर एक मीटर लांबीची कागदी पट्टी घेतली. एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १. म्हणजे एक दशांश दहा सेंटिमीटरचा, शतांश एका सेंटिमीटरचा, सहस्रांश एका मिलिमीटरचा. सुरुवातीला कामाची घाई म्हणून शिंप्याकडची असते तशी मापाची टेपच ताणून ठेवली होती. मुलांनी ०.४५ साठी टेपवरचे पंचेचाळीस शोधले आणि प्रश्न मिटवला. पुन्हा पूर्ण संख्याच! तेव्हा टेप काढली आणि कोऱ्या पट्टीवर फक्त दशांशांच्या खुणा केल्या, त्यांच्याखाली आकडे लिहिले नाहीत.

नियम एवढेच: दोन जोड्या, दोन रंगांचे कपड्यांचे चिमटे. आपल्या पाळीला ० आणि १ च्या मधली कोणतीही संख्या बोलायची आणि चिमटा तिच्या जागी लावायचा. आपले तीन चिमटे ओळीने आले, मध्ये समोरच्यांचा एकही नाही, की डाव आपला.

पहिल्याच डावात एका मुलाने ०.७ म्हणून चिमटा शून्यापासून सात बोटांवर लावला. शर्यतीच्या खेळात ही चूक मला कधी दिसली नसती, तिथे फक्त "चूक" किंवा "बरोबर" ऐकू आलं असतं. इथे तो चिमटा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टोकाला लटकत होता. त्याच्याच जोडीदाराने दशांशाच्या खुणा मोजायला सुरुवात केली, सातव्या खुणेवर थांबला आणि काहीही न बोलता चिमटा उचलून तिथे लावला. मी तोंड उघडलं नाही.

न संपणारा डाव

मग एक गडबड उघडी पडली. एका गटात ०.६ च्या आसपास चांगलीच दाटी झाली. मुलांना घुसायचं होतं, पण चिमटा बसेना. "जागा संपली," एकाने जाहीर केलं आणि सगळ्यांनी मान्य केलं. डाव बरोबरीत सुटला.

मला ते वाक्य दिवसभर खटकत राहिलं. चिमट्याची रुंदी सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एक शतांश. संख्यांची जागा संपली नव्हती, चिमटा जाड होता. मुलांच्या मनातून जो समज काढायचा होता, तोच माझं साहित्य त्यांना हाताने चाचपडून दाखवत होतं. खेळाचं साहित्य घडवताना ही गोष्ट सहज नजरेतून निसटते. नियमांत चूक नसली तरी वस्तू चुकीचं शिकवू शकते.

चिमटे गेले. त्यांच्या जागी पेन्सिलीची बारीक रेघ आणि वर रंगीत कागदाचा निमुळता झेंडा. शिवाय प्रत्येक गटाला दोन जादा कोऱ्या पट्ट्या दिल्या. त्यांना आम्ही भिंग-पट्टी म्हणू लागलो. एखाद्या दशांशात दाटी झाली की भिंग-पट्टी काढायची, तिच्या एका टोकाला ०.६ आणि दुसऱ्या टोकाला ०.७ लिहायचं आणि आधीच्या खुणा तिच्यावर उतरवून घ्यायच्या. आता दहा सेंटिमीटर म्हणजे शतांश आणि एक सेंटिमीटर म्हणजे सहस्रांश. खुणा उतरवून घेण्याच्या या कामात मुलं जेवढं स्थानिक किमतीबद्दल बोलली, तेवढं मी महिनाभर शिकवूनही बोलली नव्हती.

पण आता डाव संपेनात. कुणीही दोन झेंडे शेजारी लावले की समोरची जोडी मध्ये घुसायची. ०.६२ आणि ०.६३ मध्ये ०.६२५. ०.६२ आणि ०.६२५ मध्ये ०.६२३. तास संपला तरी एकाही गटात निकाल नाही. एक मुलगा वैतागून आला, "बाई, हा खेळच चुकीचा आहे. मी कितीही जवळ लावलं तरी ती मध्ये टाकणारच. हा कधीच संपणार नाही."

त्याची तक्रार दशांश अपूर्णांकांची सर्वांत मोलाची गोष्ट सांगत होती. कोणत्याही दोन संख्यांच्या मध्ये आणखी एक संख्या असतेच. मी त्याला ते वाक्य फळ्यावर लिहायला लावलं आणि खाली विचारलं, "का संपणार नाही?" उरलेली दहा मिनिटं त्यावरच गेली. तो तास माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपातला सर्वांत चांगला तास होता. तरीही न संपणारा डाव रोज खेळता येत नाही, त्याला शेवट द्यावाच लागणार होता. आणि शेवट देताना ही गोष्ट खोटी पडणार नाही, याची काळजी घ्यायची होती.

दहा कार्डं

वेळेची मर्यादा घालून पाहिली, तर हळू विचार करणारी मुलं मागे पडू लागली. पाळ्यांची मर्यादा घातली, तर शेवटच्या पाळीला जो असेल त्याचाच फायदा. शेवटी जे सापडलं ते अगदी साधं होतं: प्रत्येक जोडीला ० ते ९ अशी दहा अंककार्डं, प्रत्येक अंक एकदाच. संख्या बोलायची ती या कार्डांनी मांडून. दशांश चिन्हापुढे एक, दोन किंवा तीन अंक चालतील. वापरलेलं कार्ड परत मिळत नाही. समोरच्यांनी लावलेली संख्या पुन्हा लावता येत नाही. कार्डं संपली की डाव संपला.

या एका बदलाने खेळाचा स्वभावच पालटला. ०.७ ला एक कार्ड लागतं, ०.७०५ ला तीन. अचूक घुसायचं तर कार्डं जास्त खर्च होतात, म्हणून कधी घुसायचं आणि कधी सोडून द्यायचं हा खरा विचार झाला. फासा नसल्यामुळे नशिबाचा भाग उरला नाही. आणि ०.६२, ०.६३ अशी चिकटलेली जोडी कुणालाही सहज लावता येईना, कारण ६ एकदाच मिळतो.

एक डाव मी शेजारी बसून पूर्ण पाहिला. निळ्या जोडीने ०.५ ने सुरुवात केली. लाल जोडीने ०.४ लावला. निळ्यांनी ०.४९ लावला आणि दोघी हसल्या, कारण आता त्यांचे ०.४९ आणि ०.५ शेजारी होते. आणखी एक शेजारी आला की डाव त्यांचा.

लालमधली मुलगी आधी ०.४९ आणि ०.५ च्या मध्ये घुसायला निघाली. ०.४९५ असं तिने बोटाने बाकावर लिहिलंही. पण तिच्या जोडीचा ४ आधीच ०.४ मध्ये गेला होता. ती थांबली. मग म्हणाली, "०.५१ लावू, म्हणजे उजवीकडून त्यांना येता येणार नाही." हात कार्डांकडे गेला.

तिचा जोडीदार निळ्यांच्या वापरलेल्या कार्डांकडे टक लावून पाहत होता. "थांब. त्यांचा ५ गेलाय ना?"

"हो, मग?"

"मग ०.५ आणि ०.६ च्या मध्ये त्यांना काहीच लावता येणार नाही. मध्ये जे काही असेल ते ०.५ नेच सुरू होणार. ०.६ लाव. एकाच कार्डात काम होतं."

मुलगी क्षणभर पट्टीकडे पाहत राहिली. मग तिने ०.५ पासून ०.६ पर्यंत हळूच बोट फिरवलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "पाच-एक, पाच-दोन... पाच-नऊ... हो, सगळे पाचचेच." तिने ०.६ लावला. डाव्या बाजूला ०.४ आणि ०.४९ च्या मध्येही निळ्यांना यायचं तर ४ हवा होता आणि तो संपला होता. निळ्यांची जोडी दोन्हीकडून बंद झाली.

मला वर्षभर शिकवायचं होतं ते एवढंच: दशांश स्थानचा अंक संख्येचं घर ठरवतो, शतांश त्या घरातली खोली. त्या मुलाला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त एक कार्ड वाचवायचं होतं.

वर्ग चालवताना

नियम मी तोंडी समजावले नाहीत. फळ्यावर लांब रेघ ओढून एक डाव सगळ्या वर्गाविरुद्ध खेळले आणि मुलांनी तो जिंकला. नियम त्यात कळले.

जोड्यांत खेळायला लावण्यामागे एकच कारण: एकटं मूल मनात विचार करतं, दोघांना तो बोलावा लागतो. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत बऱ्याच जोड्यांमध्ये एकच जण सगळं करायचा. त्यावर कामाची वाटणी उपयोगी पडली. एक बोलणारा, एक ठेवणारा. बोलणाऱ्याने पट्टीला हात लावायचा नाही, ठेवणाऱ्याने संख्या सुचवायची नाही. बोलणाऱ्याला सांगता आलं पाहिजे आणि ठेवणाऱ्याला ऐकून जागा शोधता आली पाहिजे. दर पाळीला अदलाबदल.

हरकत घ्यायचा अधिकार समोरच्या जोडीकडे. झेंडा चुकीच्या जागी आहे असं वाटलं तर "हरकत" म्हणायचं आणि योग्य जागा दाखवून द्यायची. सिद्ध झालं तर झेंडा निघतो आणि कार्डं वाया जातात. खोटी हरकत घेतली तर आपली एक पाळी जाते. यामुळे समोरच्यांची पाळी हा रिकामा वेळ राहिला नाही, उलट सर्वांत जास्त लक्ष तेव्हाच असायचं. उत्तर तपासायला मी गटागटात फिरत नव्हते, ऐकत फिरत होते.

एक नियम सोडवायला जरा वेळ गेला. ०.५ लागलेला असताना एका जोडीने ०.५० लावला. "वेगळी संख्या आहे, बघा ना, दोन कार्डं लागली!" हरकत आली. दोघांनी आपापली जागा पट्टीवर मोजली आणि बोटं एकाच रेघेवर येऊन थांबली. शेवटी शून्य जोडल्याने संख्या बदलत नाही हे वाक्य मुलांनी कितीतरी वेळा पाठ केलेलं होतं, पण त्या दिवशी दोन बोटं एकमेकांवर आपटली तेव्हा ते त्यांना दिसलं.

प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटं खेळ थांबवून चर्चेसाठी. यावर मी तडजोड केली नाही. "आज तुमच्या पट्टीवर सर्वांत जवळचे दोन झेंडे कोणते? त्यांच्या मध्ये आणखी काही बसलं असतं का?" एवढ्या दोन प्रश्नांवर चर्चा चालायची. ज्या दिवशी वेळ कमी पडला आणि चर्चा टळली, त्या दिवशी मुलं कोण जिंकलं एवढंच घरी घेऊन गेली.

काय बदललं, काय नाही

तीन आठवड्यांनी पट्टी, कार्डं काही न देता कोऱ्या चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारला: ०.६ आणि ०.६१ यांच्या मधली एक संख्या लिहा आणि ती मध्ये का आहे ते सांगा. बऱ्याच जणांनी ०.६०५ लिहिलं आणि खाली पट्टीचं चित्रही काढलं. "काही नाही" लिहिणारी मुलं होती, पण मोजकी. एकीने ०.६०½ असं लिहिलं होतं. लिहिण्याची रीत चुकली, जागा मात्र अगदी बरोबर. तिच्याजवळ बसून मी फक्त तो अर्धा म्हणजे किती सहस्रांश एवढंच विचारलं.

ज्यांचा नियम "लांब ती मोठी" असा होता, त्यांच्यात बदल ठळक होता. "लांब ती लहान" मानणाऱ्यांपैकी काही जण तिथेच राहिले, आणि एकाच्या बाबतीत तर गोंधळ माझ्या खेळाने वाढवला. आम्ही बोलताना सहज "०.७ स्वस्त, ०.७०५ महाग" म्हणायचो. या मुलाच्या डोक्यात महाग म्हणजे मोठी असं बसलं. तेव्हापासून "किती कार्डं लागली?" एवढंच विचारायचं ठरलं. शब्द छोटासा, पण खेळात तो दर मिनिटाला कानावर पडतो.

दशांशांच्या गुणाकारात या खेळाने काडीचाही फरक पडला नाही. तशी अपेक्षाही ठेवू नये. ०.३ × ०.२ चं उत्तर ०.६ लिहिणारी मुलं अजून तेच लिहितात. त्यासाठी क्षेत्रफळाचं चित्र लागेल आणि त्याची खेळी वेगळीच असेल. एका खेळाने एकच कल्पना पेलावी. मी मध्यंतरी याच पट्टीवर बेरीज घुसवायचा प्रयत्न केला होता, नियम दुप्पट झाले आणि खेळ मेला. दोन दिवसांत परत मूळ रूपावर आले.

गटांमधल्या तफावतीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. तरबेज जोडी कच्च्या जोडीसमोर बसली की डाव तीन-चार खेळ्यांत आटोपतो आणि कच्च्या जोडीला विचाराची संधीच मिळत नाही. सध्या अशा वेळी तरबेज जोडीला ९ चं आणि ० चं कार्ड न देता खेळवते. चुरस थोडी वाढते. यापेक्षा चांगला उपाय शोधते आहे.

०.०१ ची गोष्ट मुलांनी स्वतः शोधली. दहाच कार्डं आणि त्यात एकच शून्य, त्यामुळे ०.०१ ही लावता येणारी सर्वांत लहान संख्या. ती आधी ज्याने लावली, त्याच्या डावीकडे कुणालाच जाता येत नाही. काही दिवसांत प्रत्येक गटातली पहिली खेळी ०.०१ होऊ लागली आणि तो "कोपरा" पटकावण्यासाठी आधी कोण खेळणार यावर भांडणं सुरू झाली. मी नियम बदलायच्या विचारात होते. तेवढ्यात पहिल्या बाकावरची ती मुलगी, पंचेचाळीस सातापेक्षा मोठे म्हणणारी, तिच्या गटाची अंककार्डं हातात घेऊन माझ्या टेबलाजवळ आली.

"बाई, आम्हाला अजून शून्यं द्या. ०.०१ च्या आधी काही लावता येत नाही ते कार्डांमुळे. संख्या आहेत तिथे."

मी तिला कोरी कार्डं आणि पेन दिलं. तिने किती शून्यं करायची ते विचारलं नाही.